ॲप अडलं म्हणून ऊस अडू नये



आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की हल्ली गट ऑफिसात दोन प्रकारची गर्दी होते. एक, ज्यांना ऊस नोंदवायचा आहे त्यांची आणि दुसरी, ज्यांना मोबाईल दाखवायचा आहे त्यांची. चिटबॉयच्या हातात पूर्वी टेप आणि नोंदवही असायची. आता सभासदांचे चार-पाच मोबाईल असतात. प्रत्येकाचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकानं एकच. "ॲप उतरंना झालंय." "उतरलं, पण उघडंना." "काल होतं, आज दिसंना."

बेणे, खत, पाणी, हुमणी यांवर लिहिणे हे आमचे नेहमीचे काम. मोबाईलवर लिहिणे हे ऊस विकास विभागाचे काम आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते आहे. लागणीची तारीख चुकीची पडली किंवा नोंदच झाली नाही, तर तोडणीच्या क्रमात ऊस मागे जातो. मागे गेलेल्या उसाला तुरा आला की तो पोकळ पडतो, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वजन घटते, वर पाण्याची पाळी जादा द्यावी लागते आणि खोडवा उशिरा सुटल्याने पुढच्या वर्षाचंही गणित बिघडते. एकरी एवढी झळ मोबाईलमध्ये जागा शिल्लक नाही एवढ्या कारणाने बसणार असेल, तर तो प्रश्न शेतकी खात्याचाच आहे.

आणि हे मोबाईलचं लफडं टाळतो म्हटलं तरी आता टळण्यासारखं राहिलेलं नाही. राज्य शासनाची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. साखर आयुक्तालयाने २०२२ साली ‘महा-ऊस नोंदणी’ ॲप काढले. कारखान्यांची स्वतःची ॲपे वेगळीच. म्हणजे एकाच उसासाठी एकाच मोबाईलवर दोन-तीन ठिकाणी हजेरी लावायची वेळ सभासदावर आली आहे.

या बाबतीत आमचे मत दोन्ही बाजूंना थोडे कडू लागेल. सभासदाने आपला मोबाईल स्वतः, निदान घरच्या घरी, हाताळायला शिकले पाहिजे. तो दुकानदाराच्या किंवा दिसेल त्या पोराच्या हातात देऊन मोकळे होता कामा नये. आणि ज्याचे ॲप काही केल्या चालत नाही त्याची नोंद कारखान्याने त्याच दिवशी, त्याच तारखेने, कागदावर घेतलीच पाहिजे. यातली पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात सांगण्यासारखे जास्त आहे.

ॲप उतरत नाही म्हणजे नक्की काय होते, ते आधी पाहावे. प्ले स्टोअरमध्ये ‘डाऊनलोड पेंडिंग’ असे येऊन गोल चक्र फिरत राहिले, तर बहुतेक वेळा मोबाईलमध्ये दोष नसतो. मागे दहा-बारा दुसऱ्या ॲपांचे अपडेट रांगेत लागलेले असतात आणि आपली गाडी वजनकाट्यासमोरच्या रांगेत शेवटी उभी असते. ते अपडेट थांबवावेत, आपले ॲप पुढे येते. दुसरे कारण, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर डाऊनलोड’ असे निवडलेले असते. रानात वायफाय कुठून आणायचं? ते बदलावे. तिसरे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही ते म्हणजे तारीख-वेळ. जुन्या मोबाईलची बॅटरी पार उतरून बंद पडला की कधी कधी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की प्ले स्टोअर दारच उघडत नाही. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याचे बटण चालू ठेवावे. एवढे करूनही अडले तर मोबाईल एकदा बंद करून चालू करावा आणि सेटिंग, ॲप्स, गूगल प्ले स्टोअर, स्टोअरेज या वाटेने जाऊन कॅशे साफ करावी. नावे कंपनीपरत्वे थोडी बदलतात, वाट तीच.

जागेचा प्रश्न मात्र घरोघरी आहे. ३२ जीबीचा मोबाईल घेतला म्हणजे ३२ जीबी आपल्याला मिळाले असे नाही. त्यातली बरीच जागा अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲपे खातात. राहिलेल्यात व्हॉट्सॲप. सकाळचा सूर्योदय, संध्याकाळची आरती, भाचीच्या बारशाचा व्हिडिओ, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि एकच कीर्तन सात गटांवरून सात वेळा आलेले! हे सगळे न बघताही मोबाईलमध्ये उतरून बसते. ॲप चाळीस एमबीचे असले तरी ते बसवताना मोबाईलला त्याहून बरीच जास्त मोकळी जागा लागते. आमचा सल्ला असा की निदान एक-दोन जीबी कायम मोकळी राखावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोअरेज अँड डेटा’ आहे, तिथे ‘मॅनेज स्टोअरेज’ मध्ये मोठ्या फाईली आणि पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या फाईली वेगळ्या काढून दाखवतात. त्या पुसाव्या. तिथेच आपोआप डाऊनलोड होणे बंद करता येते. हे एकदा केले की निम्म्या तक्रारी मिटतात, असा आमच्या गट ऑफिसांचा अनुभव आहे. नातवाचे फोटो पुसायला कोणी सांगत नाही. दुसऱ्याच्या नातवाचे पुसायला हरकत नसावी.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ॲप अडकले की कोणीतरी सांगतो, "डेटा क्लिअर मार." दुसरा सांगतो, "काढून परत टाक." हे दोन्ही सल्ले नोंदणीच्या काळात घातक आहेत, आणि ते का, हे प्रत्येक सभासदाने समजून घ्यावे.

मोबाईलमधल्या प्रत्येक ॲपजवळ दोन प्रकारचा माल असतो. एक कॅशे. म्हणजे स्वयंपाक करताना हाताशी काढून ठेवलेले सामान. मीठ, तिखट, दोन वाट्या पीठ. ते उचलून टाकले तरी फडताळातून परत काढता येते. कॅशे साफ केल्याने नुकसान काही नाही, ॲप पहिल्यांदा जरा सावकाश उघडेल इतकेच. दुसरा माल म्हणजे डेटा. ही कणगी. आपले लॉगिन, आपण भरलेले गट नंबर, काढलेले फोटो, आणि वर कारखान्याकडे न पोचलेल्या नोंदी हे सगळे त्यात असते. ‘क्लिअर डेटा’ किंवा काही मोबाईलमध्ये ‘क्लिअर स्टोअरेज’ दाबले की कणगी तळापर्यंत रिकामी होते. ॲप काढून टाकले, म्हणजे अनइन्स्टॉल केले, तरी तेच.

आता आपल्या रानात रेंजची काय कथा आहे ती सर्वांना माहीत आहे. ओढ्याकाठच्या आणि डोंगराकडच्या गटांत नोंद भरली की ती मोबाईलमध्येच साठून राहते आणि रेंजमध्ये आल्यावर ‘अपलोड’ दाबले की वर जाते. सभासद समजतो, नोंद झाली. वास्तविक ती अजून त्याच्या खिशातच असते. गेल्या हंगामात एका सभासदाने तीन गटांच्या नोंदी अशा भरल्या. दोन दिवसांनी ॲप अडकले म्हणून तालुक्याच्या एका मोबाईल दुकानात गेले. दुकानदाराने शंभर रुपये घेतले, ॲप काढले, नवे टाकले, ते झकास चालू झाले. नोंदी मात्र गेल्या. हे उघडकीला आले तेव्हा लागण होऊन सात आठवडे झाले होते. बरे झाले की चिटबॉयच्या वहीत त्या रानाची मोजणी तारखेसह लिहिलेली होती, म्हणून ऊस जागेवर राहिला. वही नसती तर काय, याचा विचार वही बंद करा म्हणणाऱ्यांनी करावा.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी रेंजमध्ये जाऊन अपलोड, मग नोंद क्रमांक आला की नाही ते पाहणे, तो कागदावर लिहून घेणे, आणि मगच हवी ती दुरुस्ती. ॲप उघडतच नसेल तर फक्त कॅशे साफ करावी, मोबाईल बंद-चालू करावा आणि तरीही जमले नाही तर डेटाला हात न लावता गट ऑफिसात यावे. दुकानदार ‘फॅक्टरी रिसेट’ करू का म्हणाला तर सरळ नको म्हणावे. रिसेट म्हणजे खोडवा राखायचा सोडून बांधासकट नांगर घालणे. त्यात ॲपच काय, जपून न ठेवलेले फोटो आणि फोन नंबरही जातात.

‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ असा शेरा येतो त्याची कारणे तीन-चार आहेत. जागा नसणे हे एक. फाईल अर्धवट उतरलेली असणे हे दुसरे. तिसरे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची एक डिजिटल सही असते. मोबाईलमध्ये आधीचे ॲप एका सहीचे आणि वरून येणारे दुसऱ्या सहीचे असेल, तर अँड्रॉइड ते बसवू देत नाही. बँकेत नमुना सही जुळली नाही की विड्रॉल परत येतो, तसेच. कोणाकडून तरी फाईल घेऊन टाकलेले जुने ॲप मोबाईलमध्ये असले आणि आता प्ले स्टोअरचे टाकायला गेले की हे घडते. उपाय, जुन्यातले अपलोड पुरे करून ते काढणे आणि मग नवे टाकणे. चौथे कारण वयाचे. फार जुन्या अँड्रॉइडवर नवे ॲप बसत नाही, तिथे इलाज नाही. उलटही होते. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या काळासाठी बनवलेली ॲपे नव्या मोबाईलवर बसतच नाहीत. मुलाने पुण्याहून नवा कोरा मोबाईल पाठवला आणि त्यावर जुने ॲप चालेना, यात मुलाचाही दोष नाही आणि मोबाईलचाही.

काल होते आणि आज नाही, या तक्रारीमागे बऱ्याचदा मोबाईलचाच शहाणपणा असतो. ऊस नोंदणीचे ॲप आपण जुलै-ऑगस्टमध्ये वापरतो आणि मग तोडणी येईपर्यंत उघडत नाही. अँड्रॉइड ११ पासून मोबाईल असे पडून राहिलेले ॲप पाहून त्याच्या परवानग्या आपण होऊन काढून घेतो. मग नोंद करायला रानात उभे राहावे तर ठिकाण सापडत नाही, कॅमेरा उघडत नाही. ॲपच्या माहितीत ‘परमिशन्स’ मध्ये जाऊन लोकेशन आणि कॅमेरा ‘ॲप वापरताना’ असे करून द्यावे. त्याच पानावर खाली, न वापरल्यास परवानगी काढण्याचे बटण असते, ते या एका ॲपापुरते बंद ठेवावे. जागा कमी पडली की प्ले स्टोअर न वापरलेले ॲप गुंडाळूनही ठेवते. चिन्हावर ढगाची खूण दिसते. त्यातला डेटा शाबूत असतो, चिन्ह दाबले की ॲप परत उतरते. घाबरून दुसरे शोधत बसू नये.

फाईलींविषयी थोडे. ऊस बिलाची पावती, सातबारा, बँकेच्या पासबुकाचा फोटो हे सगळे मोबाईलमध्ये आहे असे सभासद सांगतात, पण कुठे आहे ते सांगता येत नाही. मग ऐन वेळी व्हॉट्सॲपवर बोटाने मागे मागे जात राहायचे. ‘फाईल्स’ नावाचे ॲप बहुतेक मोबाईलमध्ये असते. त्यात ‘डाऊनलोड्स’ मध्ये आपण उतरवून घेतलेले कागद सापडतात. ॲपच्या स्वतःच्या पोटात ठेवलेले कागद ॲपाबरोबर जातात. डाऊनलोड्स मध्ये उतरवलेले ॲप काढले तरी सहसा राहतात. म्हणून बिलाची पावती ॲपमध्ये नुसती पाहू नये, उतरवून घ्यावी, आणि ‘ऊस’ नावाचा एक फोल्डर करून त्यात हलवावी. हंगामाचे वर्ष नावात घातले तर आणखी चांगले. मोबाईल पाण्यात पडला तर त्यातले सारेच गेले, म्हणून बिलाचा छापील कागद डब्यात हवाच, हेही सांगून ठेवतो.

आता ज्या गोष्टीची आम्हांला खरोखर काळजी वाटते ती. ॲप उतरत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला कोणीतरी व्हॉट्सॲपवर फाईल पाठवतो. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती दाबली की मोबाईल विचारतो, अनोळखी ठिकाणचे ॲप बसवायचे काय? अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ज्या ॲपातून फाईल आली त्या प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते. ही मोबाईलने घातलेली आडकाठी आहे, आणि आपण ती आपल्याच हाताने काढतो. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या नावाने, लग्नपत्रिकेच्या नावाने अशा फाईली देशभर फिरल्या आहेत. ॲप बसले की ते मेसेज वाचण्याची परवानगी मागते. मेसेजमध्ये बँकेचा ओटीपी येतो. पुढचे सांगायला नको. वर्षभराच्या घामाचं बिल खात्यावर पडलेलं, आणि रातोरात खातं कोरडं!

म्हणून आमच्या शेतकी खात्यातील कोणीही, गटप्रमुख असो की चिटबॉय, ॲपची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवणार नाही. आमच्या नावाने आली तरी ती आमची समजू नये. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावे आणि घेण्यापूर्वी खाली बनवणाऱ्याचे नाव वाचावे, कारण सारख्या नावाची ॲपे तिथेही असतात. ऊस नोंदणीच्या ॲपला ठिकाण आणि कॅमेरा लागतो. मेसेज वाचण्याची त्याला गरज नाही. जे ॲप ती परवानगी मागेल ते काढून टाकावे. फाईल दाबली गेलीच असेल तर लाजून गप्प बसू नये. मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. त्यात जेवढा उशीर तेवढे पैसे हाताबाहेर जातात. तक्रार होईपर्यंत मोबाईल रिसेट करू नये, पुरावा जातो.

हे झाले सभासदाचे काम. आता कारखान्याचे.

"सगळं ॲपवर आणा, वही बंद करा, कागद वाचेल, भांडणं मिटतील" असा एक सूर हल्ली ऐकू येतो. ॲपमुळे भांडणे कमी झाली हे खरे आहे. रान कुठले, फोटो कुठला, तारीख कोणती हे मोबाईल सांगतो, त्यात मागची तारीख घालून घेता येत नाही, आणि ज्यांना अशी तारीख घालून घ्यायची सवय होती त्यांचीच ॲपवर नाराजी जास्त आहे, हेही आम्ही जाणून आहोत. पण वही बंद करण्याला आमचा विरोध आहे. सत्तरीच्या आसपासचे कित्येक सभासद आहेत, ज्यांच्या मोबाईलला नुसती बटणे आहेत. काही भगिनींच्या नावावर ऊस आहे आणि मोबाईल मुलाच्या खिशात, मुलगा पुण्या-मुंबईला. काहींचा कारखान्याकडे नोंदवलेला नंबर वारलेल्या वडिलांचा, ओटीपी जातो कोणाकडे ते देव जाणे. यांनी शेअर घेताना मोबाईल असण्याची अट नव्हती. त्यांचा ऊस ॲपवाल्याच्या उसाइतकाच कारखान्याचा आहे.

आमची मागणी संचालक मंडळापुढे तीन गोष्टींची आहे. ॲप अडल्याची तक्रार घेऊन सभासद आला त्या दिवसाचीच तारीख धरून कागदी नोंद करावी आणि सही-शिक्क्याची पोच हातात द्यावी. नोंदणीच्या दोन महिन्यांत प्रत्येक गट ऑफिसात वायफाय आणि मोबाईल समजणारा एक माणूस बसवावा. गावातली शिकलेली मुले-मुली हे काम आनंदाने करतील आणि त्यांना रोजगार दिला तर त्यात कारखान्याचे काही बुडणार नाही. आणि ॲप बनवणाऱ्याला सांगून, न पोचलेल्या नोंदी शिल्लक असतील तर पहिल्याच पानावर लाल अक्षरांत मराठीत तसे दिसेल, एवढी दुरुस्ती करून घ्यावी. आज ते एका कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत दिसते, आणि चष्मा लावूनही दिसेलच असे नाही.

दरम्यान ज्यांनी यंदाच्या आडसालीच्या नोंदी ॲपवर भरल्या आहेत त्यांनी आपला नोंद क्रमांक आला आहे का ते पाहावे. नसेल तर मोबाईल आणि सातबारा घेऊन गट ऑफिसात यावे. वडिलांच्या किंवा बंद पडलेल्या नंबरवर खाते असेल त्यांनी नंबर बदलण्याचा अर्जही त्याच वेळी द्यावा, छापील अर्ज चिटबॉयकडे ठेवले आहेत.